चौथं टॅपेट

पुसदच्या पांढरीपांडे साहेबांनी मला नऊ वर्षं फसवलं. दर रविवारी फसवलं, चहा पाजून फसवलं आणि प्रत्येक वेळी माझीच सही घेऊन फसवलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण महागावात माझी ओळख फसणारा म्हणून नाही. मी जुनी यंत्रं घेतो आणि विकतो. पाण्याच्या मोटारी, थ्रेशर, बंद पडलेल्या जिनिंगचं सामान, कोणाच्या तरी आजोबांची मोटारसायकल. जे कोणाला नको ते मला पाहिजे असतं, आणि पाहिजे आहे हे मी तोंडावर दिसू देत नाही. सायकलींचे पंक्चर काढत इथवर आलो. ढाणकीच्या बाजारात मला लांबून येताना पाहिलं की दुकानदार आधी भाव वाढवून ठेवतो आणि मग नमस्कार करतो. "गजानन शेठ तापला की भाव उतरते," असं लोक म्हणतात. कधी कधी मी मुद्दाम तापतो. बहुतेक वेळा खराच तापलेला असतो.

अशा माणसाला एका रिटायर मोजणीदारानं नऊ वर्षं खेळवलं, आणि तेही एका पोलादी चकतीवर. ती चकती दहाच्या नाण्याहून जराशी मोठी असते.

साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. तिथे फीलर गेज असायचं. हा पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असतो, जपानी पंख्यासारखा उघडतो, आणि प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली असते. मिस्त्री लोक इंजिनातली बारीक फट मोजायला तो वापरतात. साहेब जगातली कुठलीही फट मोजायला वापरत. दार आणि चौकट यांच्यातली, कपाटाच्या दोन फळ्यांमधली, कुकर आणि त्याच्या झाकणातली. कोणाच्या घरी गेले की बसायच्या आधी दारात पातं घालून बघायचे आणि निकाल सांगायचे, "पावसात फुगंल हे. सुताराले आताच बोलाव."

माझ्या मुलीच्या लग्नात तर कहर केला. अक्षता टाकायला स्टेजवर चढले आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांमध्ये पातं घालून पाहिलं. जाईना. मग नवऱ्या मुलाला उठवलं, त्याची खुर्ची दोन बोटं सरकवली, त्याला परत बसवलं आणि म्हणाले, "फट ठेवा बाबू. फट असली की टिकते."

माझे व्याही नांदेडकडचे, माणूस गंभीर. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण?"

"मोजणीसाहेब," मी सांगितलं.

"पोरगी देताना मोजून देता काय तुमच्याकडं?"

मी साहेबांवर भडकलो. साहेबांवर भडकण्यात काही मजा नव्हती, कारण ते समोरच्याचा राग ऐकायचे नाहीत, मोजायचे. "आज लय तापला तू," म्हणायचे, "मागच्या रविवारपेक्षा सव्वापट."

त्यांची सगळी नोकरी शेतं मोजण्यात गेली. पुसद, महागाव, उमरखेड, सगळीकडे त्यांची साखळी फिरली. दोन भावांच्या शेतामधला धुरा, म्हणजे बांध, कोणी कोणाकडे किती सरकवला, हे ते सांगायचे आणि त्यांनी रोवलेला दगड मग कोणी हलवायचा नाही. त्या काळी त्यांच्याकडे एक गाडी होती. आखातात नोकरी करून परतलेल्या एका डॉक्टरनं ती सोबत आणली होती आणि पुढे गाव सोडताना साहेबांना दिली होती. जपानी, दोन सिलिंडरची, टाकी गडद लाल. आमच्याकडे ज्या काळात दोन सिलिंडर म्हणजे घरात एक चालू आणि एक भरलेला गॅस, त्या काळात. साहेब पुढे, मागे साखळी आणि झेंडे मांडीवर घेतलेला शिपाई, आणि पांदणीतून ती गाडी गुरगुरत यायची. मी लहान असताना आमच्या शेतात तिचा आवाज ऐकल्याचं मला आठवतं. आमची आजी म्हणायची, "मोजणी आली. आता कोणाच्या घरी आज भाकर गोड लागत नाही."

ते खरंच होतं. ज्याचा धुरा आत सरकला तो साहेबांना जन्मभर नमस्कार करायचा नाही. ज्याचा बाहेर सरकला तो त्यांना पाहून रस्ता बदलायचा, न जाणो, पुन्हा मोजतील. साहेब हे फार मजेनं सांगायचे. "गजानन, या तालुक्यात मले सगळे ओळखतात. आणि कोणीच ओळख दाखवत नाही." मीही हसायचो.

त्या गाडीसाठीच मी त्यांच्या दारात पहिल्यांदा गेलो. नागपूरचा एक हौशी गिऱ्हाईक अशाच गाडीच्या शोधात होता. ढाणकीच्या एका मिस्त्रीनं पत्ता दिला. मी रविवारी सकाळी पोचलो, तेव्हा साहेब ओसरीवर पाट टाकून गाडीसमोर बसले होते. गाडीची टाकी काढलेली, इंजिनाचं वरचं झाकण काढलेलं. मी यंत्राकडे न बघता अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघितलं. हा माझा जुना डाव आहे.

"लिंब चांगलं आहे जी," मी म्हणालो.

"गाडी विकत घ्याले आला काय?" साहेब म्हणाले.

माझा डाव तिथेच मोडला. मी खाली बसलो आणि म्हणालो, "किंमत बोला."

"किंमत मंग सांगतो. चौथं टॅपेट घट्ट आहे. घट्ट टॅपेटची गाडी विकणं म्हणजे चुकीच्या नकाशावर सही करणं. ते मी नोकरीत केलं नाही, आता कायले करू? पुढच्या रविवारी ये."

आता टॅपेट म्हणजे काय ते सांगावं लागेल, नाहीतर माझी फसवणूक तुम्हाला कळायची नाही. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. या गाडीत अशी चार. त्यांना वरून दाबायला अंड्यासारख्या उंचवट्यांचे दांडे फिरत असतात. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की फुगतं. ही फट नीट करणं म्हणजे टॅपेट सेट करणं. साध्या गाडीत स्क्रू पिळला की काम झालं. या गाडीत स्क्रू नाही. इथे दांड्याच्या खाली ती पोलादी चकती बसते, तिला शिम म्हणतात. फट कमी झाली की शिम काढायची आणि तिच्याहून पातळ घालायची. फट वाढली की जाड. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा खेळ. पुसदला ह्या शिम मिळत नाहीत, यवतमाळला मिळत नाहीत, नागपूरलाही दुकानदार तोंडाकडे बघतो. साहेबांनी वर्षानुवर्षं इकडून तिकडून जमवलेल्या वीस-बावीस शिम एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, एकेक कागदात बांधून, औषधाच्या पुडीसारखी.

"आणि सैल राहिलं तर?" मी त्या दिवशी विचारलं.

"वाजंल. टकटक करंल. लोक म्हणतील, गाडी बिघडली."

"आणि घट्ट राहिलं तर?"

"काहीच नाही. गप. अगदी मुकं. लोक म्हणतील, काय शांत गाडी आहे! आणि आतून व्हॉल्व्हची कड जळत जाते, कोणाले पत्ता लागत नाही." मग बोट वर करून ते वाक्य म्हणाले, जे पुढे मी नऊ वर्षं ऐकलं, "वाजते ते जगते, गजानन. मुकं राह्यते ते जळते."

मी पुढच्या रविवारी गेलो. चौथं टॅपेट पुन्हा घट्ट. आम्ही ते नीट केलं, गाडी चालू केली, ती गुरगुरली, साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मी म्हणालो, "आता बोला." ते म्हणाले, "एक आठवडा ठेवून पाहू. बसलं तर बसलं." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा घट्ट.

असं सुरू झालं.

व्यवहारात घाई दाखवायची नसते, हे मीच साहेबांना शिकवलं होतं. ज्याला घाई, त्याचा भाव पडतो. म्हणून मी घाई दाखवली नाही. महागावाहून सकाळी निघायचं, पुसदला पोचायचं, साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या हातचा चहा प्यायचा आणि पाटावर बसायचं. साहेब पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायचे, उंचवटा वर आला की थांबायचे, आणि पातं घालायला मला सांगायचे. पहिलं टॅपेट, पातं जायचं. दुसरं जायचं. तिसरं जायचं. चौथं अडायचं.

"जबाब नोंदवा," साहेब म्हणायचे.

हे त्यांचं नोकरीतलं खूळ. शेत मोजताना शेजाऱ्यांचे जबाब घेतात, त्यावर पंच सह्या करतात. साहेबांनी तसंच एक फील्डबुक या गाडीचं केलं होतं. तारीख, चार टॅपेटचे चार खाने, शेवटी 'पंच'. पंच मी.

"घट्ट की सैल?"

"घट्ट जी."

"स्वतः पाहिलं?"

"तुमच्यासमोरच पाह्यलं ना, साहेब! आता काय गंगाजळ आणू?"

"सही कर."

मी सही करायचो. मग एका वाकड्या हत्यारानं व्हॉल्व्ह दाबून धरायचा, चिमट्यानं चकती उचलायची आणि मायक्रोमीटरवर मोजायची. इथे आमचं नेहमी भांडण व्हायचं. मायक्रोमीटर मला हाती द्यायच्या आधी साहेब माझा तळवा आपल्या हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून बघायचे. त्यांचं म्हणणं, गरम हातानं शिम फुगते आणि माप चुकतं. मी येताना रस्त्यात कोणाशी भांडून आलो असेन, आणि बहुधा आलेलो असायचो, तर त्यांना ते हाताला कळायचं.

"माठात हात घाल."

"साहेब, मी पन्नाशीचा माणूस आहे."

"माठाले वय विचारलं नाही. घाल."

आतून काकू ओरडायच्या, "पिण्याच्या माठात नको! त्या कोपऱ्यातल्या!" आणि मी, ज्याला बघून बाजारात भाव उतरतात, तो कोपऱ्यातल्या माठात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून लहान पोरासारखा उभा राहायचो. साहेब घड्याळ बघायचे. पाण्यात हात असले की माणसाला कोणावर ओरडता येत नाही, करून पाहा. उभ्या उभ्या मग मी त्यांना सगळं सांगायचो, कोणाशी भांडलो, कोणी कसं गंडवायला पाहिलं, मी त्याला कसं धरलं. साहेब हूं हूं करायचे. सांगून झालं की म्हणायचे, "आता काढ. आता बरोबर माप येईल."

पुढे एका इंजिनियरिंगच्या मुलानं मला सांगितलं की हाताच्या गरमीनं एवढ्याशा चकतीत जो फरक पडतो तो त्या मायक्रोमीटरवर दिसतसुद्धा नाही. म्हणजे तीही एक फसवणूक. तिचा हिशोब वेगळा.

एकदा लागणारी जाडी डब्यात नव्हती. २.५० होती, २.४५ पाहिजे होती. साहेबांनी टेबलावर काच ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिशपेपर, त्यावर थेंबभर तेल, आणि मला शिम घासायला बसवलं. नुसती पुढेमागे नाही. आठाचा आकडा काढत, म्हणजे सगळीकडून सारखी झिजते. पोलाद कडक. आठाचे दोनशे आकडे काढले की साहेब मोजायचे आणि मान हलवायचे. तो अख्खा दिवस गेला. काकूंनी दुपारी वांग्याची भाजी आणि भाकर तिथेच आणून दिली. मी घासत होतो आणि साहेब मोजणीच्या गोष्टी सांगत होते. महागावकडे दोन भाऊ धुऱ्यावरून कुऱ्हाडी घेऊन उभे होते, आणि साहेबांनी मध्ये साखळी टाकून दोघांना तिचं एकेक टोक धरायला लावलं. "साखळी ताणून धरा, ढिली पडली तर माप खोटं." दोघं तीन तास साखळी ताणून उभे राहिले. कुऱ्हाडी खाली ठेवाव्याच लागल्या, हातच मोकळे नव्हते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, एक जण साडेतीन फूट जिंकला. दोघांनीही नंतर मले चहा विचारला नाही." ते हसले. "तू घास. बोलताना हात थांबतो तुझा."

संध्याकाळी ती शिम २.४५ झाली. आरशासारखी चकचकीत. मला आजवर कुठल्याही सौद्याचा झाला नाही इतका आनंद त्या चकतीचा झाला, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. साहेबांनी ती कागदात बांधली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

आता शहाणा वाचक म्हणेल, गजानन शेठ, तू यंत्रांचा व्यापारी. टॅपेट घट्ट व्हायला इंजिन चालावं लागतं, हजारो किलोमीटर. ही गाडी आठवड्यातून पाच मिनिटं ओसरीवर गुरगुरायची. तिचं टॅपेट दर रविवारी घट्ट होतं कसं? हा प्रश्न बरोबर आहे. तो मला पहिल्याच वर्षी पडायला हवा होता. रविवारी सकाळी मी पोचायचो तेव्हा इंजिनाच्या झाकणाच्या बोल्टांना ताजं तेल लागलेलं असायचं, तेही मी बघितलं होतं. घरात पेट्रोलचा वास असायचा. मी जुनी मोटार पाहून सांगतो की ती शेवटची कधी उघडली. इथे मी काही सांगितलं नाही.

आणि आता आलंच आहे तर हेही लिहून टाकतो. नागपूरच्या त्या गिऱ्हाइकानं तिसऱ्या वर्षीच दुसरी गाडी घेतली. मला फोन करून म्हणाला, "आता नको." मी साहेबांना ते बोललो नाही. व्यवहारात सगळंच सांगायचं नसतं.

काही वर्षांनी साहेबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चिमट्यातून चकती निसटून इंजिनात पडली, तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. मग चिमटा माझ्याकडे आला, मायक्रोमीटर माझ्याकडे आला. साहेबांकडे फक्त पान्यानं इंजिन फिरवणं, डब्यातून शिम काढून देणं, फील्डबुक आणि ओरडणं उरलं. ओरडताना त्यांचा हात अजिबात कापायचा नाही. "अबे, तिरपी धरली! सरळ! धुऱ्याचा दगड रोवून राह्यला का चोरून?" मी खाली मान घालून शिव्या खायचो. बाजारात मला कोणी अर्धी शिवी दिली असती तर मी दुकान उलटं केलं असतं.

गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, एका रविवारी मी गेलो नाही. ढाणकीकडे एक बंद जिनिंग निघालं होतं, मालक रविवारीच भेटणार होता, आणि सौदा चांगला होता. साहेबांना फोन करायचा राहून गेला. खरं सांगायचं तर मनात आलं होतं. मग वाटलं, एक रविवार गेला म्हणून काय, टॅपेट कुठे पळून जातं? आणि सौदा झाला. मी खूश होऊन महागावला परत आलो.

बुधवारी सकाळी आंघोळीचं पाणी काढताना साहेब गेले.

तेरवी झाल्यावर मी काकूंकडे गेलो. ओसरीवर गाडी चादर पांघरून उभी होती. काकू म्हणाल्या, "गजानन, ती घेऊन जा. त्यायनं मले सांगितलं होतं, तूच घेशील."

"किंमत काय म्हणाले होते?"

"किंमतीचं मी काय जाणू बाप्पा? म्हणायचे, आधी त्याले टॅपेट पाहू दे."

मी पाट ओढला. टाकी काढली, झाकण उघडलं. कोपऱ्यातल्या माठात हात घालून आलो, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पान्यानं मीच इंजिन फिरवलं आणि मीच पातं घातलं. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथं अडलं.

तेव्हा मला बरंच वाटलं होतं. साहेब गेले तरी टॅपेट त्यांच्यासारखंच हट्टी. मी शिम काढली, मोजली. २.५०. मग २.४५ शोधायला बिस्किटांचा डबा उघडला. सगळ्यात वर एक पुडी होती. बाकीच्या पुड्या पिवळ्या पडलेल्या, हिचा कागद नवा. वर साहेबांच्या कापऱ्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं: 'गजानन. रविवार.'

आत ती चकचकीत चकती होती. मी दिवसभर आठ काढत घासलेली, आणि शेवटच्या खेपेला मीच इंजिनात बसवलेली.

दोन्ही शिम मी पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. नंतर फील्डबुक घेतलं. पुढून तर आमचेच रविवार होते, माझ्या सह्यांसकट. मी ते उलटं केलं आणि मागच्या पानापासून उघडलं. मोजणीदार माणूस, खोटी नोंद करील कशी? खोटी पुढून केली होती, म्हणून खरी मागून केली होती.

'शनिवार. चौथे बरोबर. २.४५ काढून २.५० घातली.' खाली, 'रविवार. गजानन आला. २.४५ घातली.'

पुन्हा शनिवार. पुन्हा रविवार. पानांमागून पानं. घासलेल्या चकतीच्या आधीच्या पानांवर जाड-पातळ अशी दुसरी जोडी होती, एवढाच फरक. मधूनच एखादा शेरा: 'गजानन भांडून आला. माठात जास्त वेळ.' 'गजाननच्या मुलीचं लग्न. काम नाही.' 'गजानननं एकदाही विचारलं नाही. हुशार माणूस, विचारायला पाहिजे होतं.'

मी फील्डबुक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, तुम्हाले माहीत होतं?"

"मले कसं माहीत नसणार? दर शनिवारी दुपारी टाकी काढायचे. वरणालेही पेट्रोलचा वास. हात कापायला लागल्यावर तर मीच बॅटरी धरून उभी राहत होती."

"काहून केलं असं त्यायनं?"

काकूंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "काहून म्हणजे? सगळा जन्म लोकायच्या धुऱ्यावर साखळी घेऊन उभे राह्यले. आपल्या दारात कोण आलं? तू आला. तोही गाडीसाठी." मग म्हणाल्या, "त्या रविवारी चार वाजेपर्यंत टाकी खाली काढून बसले होते. मी म्हटलं, फोन लावा त्याले. म्हणे, नाही, व्यवहारात घाई दाखवायची नसते. मंग मलेच हात लावाले सांगितलं आणि टाकी चढवली."

मी पुन्हा ओसरीवर आलो. मागून शेवटचं पान काढलं. 'शनिवार. चौथे बरोबर. २.४५ काढून २.५० घातली.' त्याखाली 'रविवार' एवढं लिहिलेलं. पुढे काही नाही.

गाडी अजून तिथेच आहे. मी ती नेलेली नाही. २.४५ पुडीत आहे, २.५० मी होती तिथेच परत बसवली. ती घातलेली असताना गाडी चालू करायची नाही, मुकी जळेल. आणि ती काढली तर चौथं टॅपेट कायमचं बरोबर होईल, मग मला त्या ओसरीवर कोणतं काम उरलं? रविवारी जातो. काकू चहा करतात. मी चादर झटकतो, पहिली तीन टॅपेट बघतो, चौथ्याला पातं लावतो, ते अडतं, आणि झाकण लावून परत येतो. महागावातले लोक विचारतात, शेठ, अजून तो सौदा झाला नाही काय? मी त्यांच्यावर खेकसतो.

पण माझी तक्रार आहे, आणि ती मी सोडणार नाही. माझी फसवणूक झाली आहे. माझ्या सह्या आहेत, तारखा आहेत, फसवणाऱ्याच्या हातची कबुली आहे. मला कोणी गंडवलं तर मी त्याच्या दारात उभा राहून जाब विचारतो, सगळा बाजार जाणतो. इथे मी दारात उभा आहे आणि आत कोणी नाही.

साहेब, तुम्ही सगळ्या तालुक्याचे जबाब घेतले. दोन कुऱ्हाडवाल्या भावांचे घेतले, माझे नऊ वर्षं घेतले. आता तुमचा द्या. नुसतं 'ये, बस' म्हणायला तुम्हाले काय झालं होतं? मुकं राह्यते ते जळते म्हणून मला दर आठवड्याला ऐकवलं, आणि स्वतः? आणि त्या शेवटच्या रविवारची ओळ तुम्ही रिकामी काहून ठेवली? 'गजानन आला नाही' एवढे तीन शब्द लिहायचे होते. खरी नोंद होती. तुम्ही खरी नोंद कधी टाळली नव्हती.

ते पान माझ्यासमोर उघडं आहे. पंचाच्या खान्यात मी सही करायला तयार आहे, हात थंड करून आलोय. आधी तुम्ही ती ओळ पुरी करा, साहेब. बोला. घट्ट की सैल?